करणी : चिन्ह आधी की चौरस आधी?

नववीच्या वर्गात फळ्यावर ‘करणी’ हा शब्द लिहिला, की मागच्या बाकांवर खसखस पिकते. खेड्यातल्या मुलांना करणी माहीत असते ती लिंबाची, बाहुलीची आणि टाचण्यांची. शिक्षक थोडे हसतात, थोडे रागावतात आणि ‘ही ती करणी नव्हे’ असे सांगून पुढे जातात. मग ही कोणती, हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. माझ्या मते ह्या प्रकरणातली निम्मी अडचण त्या राहून गेलेल्या उत्तरात आहे.

हा विषय डोक्यात आला तो निमगाव केतकीला. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव पानमळ्यांसाठी ओळखले जाते; तुकोबांची पालखीही येथे मुक्कामाला असते. माझे ते आजोळ. दिवाळीत मामांकडे गेलो होतो. मामांची नात नववीत. तिने बीजगणिताची वही दाखवली. ‘सोपे रूप द्या’ ह्या शीर्षकाखाली उदाहरणांची दोन पाने भरलेली होती आणि एकही उत्तर चुकलेले नव्हते. √५० = ५√२, √७२ = ६√२, √४८ = ४√३. मी कौतुक केले आणि सहज विचारले, “√२ आणि √८ ह्यांची बेरीज किती?” क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, “√१०.” त्याच पानावर तिने √८ = २√२ असे अचूक लिहिले होते!

मग तिनेच मला विचारले, “काका, √५० चं ५√२ केलं. पण पाचाच्या पुढं √२ राहिलाच की. मग हे सोपं कुणासाठी झालं?”

मी पदार्थविज्ञानात संशोधन करतो. वर्गमुळे रोज हाताखालून जातात. तरीही ह्या प्रश्नाचे नीट उत्तर माझ्या जिभेवर नव्हते. शाळेत मीही हे नियम असेच पाठ केले होते. सवयीने ते अंगवळणी पडले, इतकेच. म्हणून परत आल्यावर पाठ्यपुस्तकातले प्रकरण चिकित्सकपणे वाचले. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

पुस्तकाचा क्रम

बालभारतीने २०१७ साली नववीसाठी काढलेल्या ‘गणित भाग १’ ह्या पुस्तकात ‘वास्तव संख्या’ हे दुसरे प्रकरण आहे. परिमेय व अपरिमेय संख्या, √२ अपरिमेय असल्याची सिद्धता, मग करणीची व्याख्या, करणीची कोटी, सोपे रूप, सरूप करणी, तुलना, करणींवरील क्रिया, परिमेयीकरण असा त्याचा ओघ आहे. तर्काच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष आहे. व्याख्याही काटेकोर आहे : धन परिमेय संख्येचे एखादे मूळ अपरिमेय असेल, तर त्या मुळाला करणी म्हणायचे. म्हणजे √२ ही करणी. √९ नव्हे, कारण ते ३ आहे. आणि ‘पाय’चे वर्गमूळही नव्हे, कारण ‘पाय’ ही संख्याच परिमेय नाही. इतकी स्वच्छ व्याख्या शालेय पुस्तकात असणे ही जमेची बाजू होय.

परंतु तर्काचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एकच असतो असे नाही. विद्यार्थ्याला करणी भेटते ती प्रथम ‘काय नाही’ ह्या रूपात, म्हणजे परिमेय नसलेली संख्या म्हणून. पाठोपाठ व्याख्या येते ती एकदम ‘न-व्या’ मुळाची. वर्गमूळ अजून हाताला ओळखीचे झालेले नसताना घनमूळ, चतुर्थ मूळ आणि त्यांच्या कोटी समोर येतात. मग क्रिया. प्रकरण चिन्हांच्या वाटेने चालते. चिन्हामागे मोजता येईल अशी वस्तू आहे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे तो तरून जातो. ज्याला ठाऊक नाही तो नियम पाठ करतो. गुणाकारात दोन्ही संख्या एकाच चिन्हाखाली घेता येतात, तर बेरजेत का नाही? चिन्हाकडे कितीही टक लावून पाहिले तरी ह्याचे उत्तर त्यात सापडत नाही.

चांगला शिक्षक येथे सावध करतो. √९ + √१६ म्हणजे ३ + ४ = ७, पण √(९ + १६) म्हणजे ५; तेव्हा असे करू नका. हे आवश्यकच आहे. पण अशा उदाहरणाने उत्तर चूक आहे एवढे कळते. बरोबर काय आणि का, ते कळत नाही. म्हणून परीक्षेनंतर चूक पुन्हा उगवते.

गुंठा आणि साखळी

निमगावच्या त्या मुलीजवळ एक ज्ञान मात्र पक्के होते. तिला गुंठा माहीत होता. पानमळा गुंठ्यांत मोजतात, घराची जागा गुंठ्यांत मोजतात, वाटणी गुंठ्यांत होते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १०८९ चौरस फूट जमीन. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तेव्हा एक साखळी बाजू असलेला चौरस म्हणजे एक गुंठा.

आता दोन गुंठ्यांचा चौरस तुकडा घ्या. त्याची बाजू किती साखळ्या? एक म्हणावी तर क्षेत्र एकच गुंठा भरते. दोन म्हणावी तर चार भरते. ती बाजू √२ साखळ्या, म्हणजे सुमारे ४६.७ फूट आहे. करणी म्हणजे हीच बाजू. शुल्बसूत्रांत द्विकरणी म्हणजे दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस ‘करणारी’ बाजू आणि त्रिकरणी म्हणजे तिप्पट क्षेत्राचा करणारी. शब्दातच अर्थ आहे. इंग्रजीतल्या ‘सर्ड’ ह्या शब्दाच्या मुळाशी ‘बहिरा’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपल्या भाषेला बोलका शब्द मिळाला असताना आपणही तो बहिऱ्यासारखाच शिकवावा, हे नवलच!

अंगणात बसून मी मामांना विचारले, “दोन गुंठ्यांचा चौरस तुकडा आणि शेजारी आठ गुंठ्यांचा चौरस तुकडा, दोन्ही रस्त्याला लागून. रस्त्याकडची एकूण लांबी दहा गुंठ्यांच्या चौरस तुकड्याएवढी धरली तर चालेल का?”

मामा म्हणाले, “आरं, असं धरलं तर बांधावरनं भांडणं लागतील!”

मामांना वर्गमूळ काढता येत नाही. पण √२ + √८ म्हणजे √१० नव्हे, हे त्यांना लगेच जाणवले. आकडे पाहा. दोन गुंठ्यांची बाजू ४६.७ फूट, आठ गुंठ्यांची ९३.३ फूट, एकूण १४० फूट. दहा गुंठ्यांची बाजू मात्र केवळ १०४.४ फूट. म्हणजे रस्त्याकडची जवळजवळ ३६ फूट जागा √१० ह्या उत्तरात नाहीशी झाली.

मग १४० फूट बाजूचा चौरस किती गुंठ्यांचा? येथे कागद घेऊन चित्र काढावे. मोठ्या चौरसाची प्रत्येक बाजू √२ आणि √८ अशा दोन भागांत तोडा आणि आडव्या-उभ्या रेषा काढा. चार तुकडे पडतील. एका कोपऱ्यात दोन गुंठ्यांचा चौरस, समोरच्या कोपऱ्यात आठ गुंठ्यांचा चौरस, आणि उरलेले दोन सारखे आयत. आयताची एक बाजू √२, दुसरी √८. आठ गुंठ्यांचा चौरस दोन-दोन गुंठ्यांच्या चार चौरसांत बरोबर कापता येतो, म्हणून √८ ही √२ च्या दुप्पट. तेव्हा प्रत्येक आयतात दोन गुंठ्यांचे दोन चौरस शेजारी शेजारी बसतात : चार गुंठे. एकूण २ + ८ + ४ + ४ = १८. म्हणून √२ + √८ = √१८.

मुलीचे उत्तर कोठे चुकले तेही चित्रात दिसते. २ आणि ८ तिने मोजले. दोन आयत मोजायचे राहिले. ह्याच चित्राने गुणाकाराचा नियमही दाखवला : √२ × √८ = ४, म्हणजेच √१६. बेरीज बाजूंची असते, तर गुणाकाराने क्षेत्र मिळते. दोहोंचे नियम वेगळे असणारच.

भास्कराचार्यांचा दाखला

हे उदाहरण माझे नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘बीजगणित’ ग्रंथात करणीषड्विध, म्हणजे करणींवरील सहा क्रिया, असा स्वतंत्र भाग आहे. ह्याच ग्रंथकाराच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव ह्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तेव्हा हा वारसा आपल्या अगदी घरचा आहे.

त्यांच्याकडे आजचे √ हे चिन्ह नव्हते. ते युरोपात ख्रिस्टॉफ रूडॉल्फ ह्याच्या १५२५ सालच्या पुस्तकात आले. भास्कराचार्य संख्येआधी नुसता ‘क’ लिहीत. बेरजेसाठी त्यांनी दोन नावे दिली आहेत. दोन करणीसंख्यांची बेरीज ती ‘महती’. त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट तो ‘लघु’. दोहोंची बेरीज केली की करणींच्या बेरजेची करणी मिळते. वजाबाकी केली की वजाबाकीची. २ आणि ८ साठी महती १०, लघु ८. बेरीज १८, वजाबाकी २. आपल्या चित्राशी ताडून पाहा. महती म्हणजे दोन चौरस आणि लघु म्हणजे दोन आयत!

त्यांनी दिलेल्या उदाहरणांत आधी २ व ८, मग ३ व २७, आणि नंतर ३ व ७ अशा जोड्या आहेत. पहिल्या दोन जुळतात. उत्तरे १८ आणि ४८. तिसरी जुळत नाही. ३ × ७ = २१; त्याचे मूळ सुटत नाही, म्हणून दोन्ही करणी वेगळ्याच ठेवायच्या. शिक्षक म्हणून मला हे तिसरे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. नियम कोठे थांबतो, हे नियमाबरोबरच सांगितले आहे. मुलांना ‘येथे आणखी काही करता येत नाही’ असे म्हणण्याची परवानगी हवी असते. ती न मिळाल्याने √३ + √७ समोर आले, की काहीतरी केलेच पाहिजे म्हणून ती √१० लिहून मोकळी होतात.

सोपे कुणासाठी?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. भास्कराचार्य उत्तर ‘क १८’ असे एकाच करणीत देतात. आपण √१८ ला अपुरे मानतो आणि ३√२ लिहायला लावतो. एकाचे अंतिम उत्तर ते दुसऱ्याचे अर्धे गणित! तेव्हा ‘सोपे रूप’ हा निसर्गाचा नियम नव्हे. ती सोयीसाठी ठरवलेली रीत आहे. हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवे. न सांगता ‘सोपे’ हा शब्द वापरला, तर ज्याला ते सोपे वाटत नाही तो दोष स्वतःकडे घेतो.

पण रीत असली तरी तिला हेतू आहे. १८ गुंठ्यांचा चौरस दोन-दोन गुंठ्यांच्या नऊ चौरस फरशांनी भरतो, तीन आडव्या आणि तीन उभ्या. म्हणून बाजू ३√२. पन्नास गुंठ्यांचा अशाच पंचवीस फरशांनी भरतो, म्हणून ५√२. बहात्तरचा छत्तीस फरशांनी, म्हणून ६√२. एखाद्याने √७२ = ३√८ लिहून सोडले तर चूक नाही, पण आठाची फरशी अजून दोनाच्या चार फरशांत फुटते, म्हणून काम अर्धवट आहे. सोपे रूप म्हणजे चौरसात कोणती फरशी बसली आहे ते सांगणे. √५०, √१८, √७२ वरवर परकी दिसतात. सोपे रूप दिले की एकाच घरची निघतात. पुस्तकात त्यांना सरूप करणी म्हटले आहे. फरशी एक असेल तर बेरीज-वजाबाकी सरळ होते : ५√२ + ३√२ = ८√२. √१२ ची फरशी तिनाची, √१८ ची दोनाची. त्या एकत्र मोजता येत नाहीत.

गुणाकारातही ह्याचा उपयोग आहे. √४८ × √७५ सरळ गुणले तर √३६०० येते आणि मूळ शोधावे लागते. आधी फरशी ओळखली तर ४√३ × ५√३ = २० × ३ = ६०, तोंडी. ‘सोपे कुणासाठी’ ह्याचे उत्तर हे आहे : पुढची पायरी करणाऱ्यासाठी. पुढची पायरी नसेल तर √५० हे ५√२ पेक्षा मुळीच अवघड नाही. नुसती ‘सोपे रूप द्या’ अशी वीस उदाहरणे देण्यापेक्षा, सोपे रूप दिल्याने काहीतरी साधते अशी पाच उदाहरणे अधिक शिकवतील.

छेदातली करणी

परिमेयीकरणाबाबत माझी तक्रार अधिक तीव्र आहे. उत्तरात छेदस्थानी करणी राहिली तर ती अशिष्टता आहे अशी समजूत वर्गात रूढ होते. १/√२ लिहिले म्हणून गुण कापल्याचे शिक्षकांच्या तोंडून मी ऐकले आहे. आम्ही पदार्थविज्ञानवाले शोधनिबंधांतून १/√२ सर्रास लिहितो. त्यात काही वावगे नाही.

मग ही रीत आली कशासाठी? गणकयंत्र नसताना १ ला १.४१४२१ ने भागणे कष्टाचे होते, १.४१४२१ चे निम्मे करणे सोपे. भास्कराचार्यांनीही छेदातल्या एका करणीचे चिन्ह उलटे करून अंश व छेद दोहोंना गुणण्याची रीत दिली आहे, छेदात एकच करणी उरेपर्यंत. हातातल्या यंत्राने हे कारण बरेचसे संपवले. पण दुसरे कारण संपलेले नाही आणि ते वर्गात सांगण्यासारखे आहे.

१/(√१००१ − √१०००) ही किंमत काढा. तीन दशांश स्थळांपर्यंत मुळे घेतली तर छेद ३१.६३९ − ३१.६२३ = ०.०१६ आणि उत्तर ६२.५ येते. आता परिमेयीकरण करा. अंश-छेदांना √१००१ + √१००० ने गुणले की छेद १ होतो आणि उत्तर ३१.६३९ + ३१.६२३ = ६३.२६२. हेच बरोबर आहे. मुळे तीच, दशांश स्थळे तीच. तरी पहिल्या रीतीत पाऊण एककाची चूक झाली, कारण जवळजवळ सारख्या संख्या वजा करताना भरवशाचे अंक गळून गेले. संगणकालाही मर्यादित अंकच ठेवता येतात, म्हणून ही काळजी तेथेही घ्यावी लागते. परिमेयीकरण हे असे हत्यार आहे. गरज असेल तेथे ते हवेच. पण १/√२ पाहताच उगारायचे कारण नाही.

चित्राच्या मर्यादा

येथे पुस्तकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. गुंठ्याचे चित्र सगळीकडे पुरत नाही. घनमुळासाठी घनाकार हौदाची कड घेता येईल. चतुर्थ मुळाला असे सोपे चित्र नाही. शिवाय चित्राने विश्वास बसतो, सिद्धता होत नाही. म्हणून चित्रानंतर हे दाखवावे : √अ × √ब चा वर्ग अ × ब येतो, आणि धन संख्येला धन वर्गमूळ एकच असते, म्हणून √अ × √ब = √(अब). √अ + √ब चा वर्ग केला तर अ + ब + २√(अब) येतो. शेवटचे पद म्हणजे आपले विसरलेले दोन आयत. हा नियम ऋण संख्यांना लावू नये, हेही सांगावे. −१ घेऊन नियम लावला तर उत्तर १ येईल. यायला हवे −१. एवढे झाल्यावर ‘न-वे’ मूळ आले तर ते विस्तार म्हणून येईल, आघात म्हणून नव्हे. पुस्तकाची व्यापक मांडणी तेव्हा कामी येते. माझा आक्षेप तिच्या जागेवर आहे, तिच्या असण्यावर नाही.

‘अभ्यासक्रम संपवायला वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न मला ऐकू येतो आहे, आणि तो खोटा नाही. पण दहावीत वर्गसमीकरणे, पायथागोरसचे प्रमेय, त्रिकोणमिती सगळीकडे करणी पुन्हा समोर येते. नववीत वाचवलेल्या दोन तासिका तेथे व्याजासह फेडाव्या लागतात. त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. निमगावची ती मुलगी बोलता बोलता म्हणाली होती, “दहावी झाली की गणित सोडायचं.” दोन पाने अचूक सोडवणारी मुलगी! आपल्याला गणित येते ह्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तिच्या बाजूने तो बरोबरच होता, कारण जे येत होते ते कशाविषयी आहे हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. घरी गुंठ्याचा हिशेब तोंडी करणारी अशी मुले बीजगणित आपले नव्हे असे समजून बाहेर पडतात. त्यात उणीव मुलांची नाही.

तेव्हा शिक्षकमित्रांना विनंती अशी. हे प्रकरण सुरू करण्यापूर्वी दोन तासिका चौकटीच्या कागदाला द्या. एक चौकट एक गुंठा माना. चार, नऊ, सोळा गुंठ्यांचे चौरस मुले लगेच काढतील. मग दोन गुंठ्यांचा काढायला सांगा. थोडी खटपट झाली, की कुणीतरी चौकटीचा कर्ण घेऊन तिरपा चौरस काढेल. मग आठाचा तसाच तिरपा, मग अठराचा. √८ म्हणजे √२ ची दुप्पट आणि √१८ म्हणजे तिप्पट, हे मुले कर्ण मोजूनच सांगतील. त्यानंतर फळ्यावर ‘करणी’ हा शब्द लिहा. मागच्या बाकांवर हसू येईल ते येऊ द्या, आणि ही कोणती करणी ते मुलांनाच विचारा.

त्या दिवशी मामांच्या अंगणात आम्ही तसाच कागद घेऊन बसलो होतो. अठराचा चौरस पुरा झाल्यावर मुलीने वही उघडली, √५० = ५√२ ह्या ओळीशेजारी पाच-पाच फरशांच्या पाच ओळी काढल्या, आणि मला न विचारता पुढच्या उदाहरणाकडे वळली.